दगडाचा दाखला

मनुष्यप्राण्यास जडणाऱ्या व्यसनांची कोणी सरकारी फेरिस्त करील, तर तिच्यात पानतंबाखू, नाटक, शर्यत आणि निवडणूक यांच्या खालोखाल दगड गोळा करण्याच्या व्यसनास स्थान द्यावे लागेल. आणि ते निरुपद्रवी समजणाऱ्यांनी भोईवाड्यातील आमच्या चाळीत, भूशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात त्याच्या बरोबर खालच्या मजल्यावर, एखादा पावसाळा काढून पाहावा. प्राध्यापकांच्या (आम्ही सारे त्यांस अण्णा म्हणतो) दोन खोल्यांत माणसास उभे राहायला जागा मिळते ती दगडांच्या परवानगीने, आणि तुळया कुरकुरल्या की घरमालक छताकडे न पाहता अण्णांकडे पाहतो.

सामान्य मनुष्यास दगड दिसतो तो ठेच लागल्यावर; भूशास्त्रज्ञास ठेच लागली तर तो प्रथम दगडाची विचारपूस करतो, मग अंगठ्याची. दगड उचलावा, हातोडीने त्याची ताजी बाजू उघडी करावी, भिंग डोळ्याला भिडवावे, आणि एवढ्यानेही समाधान न झाल्यास, ओल्या पृष्ठभागावर कण स्पष्ट दिसतात या शास्त्रीय कारणास्तव त्यावर जीभ फिरवावी, हा अण्णांचा नित्यनेम. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम पाहण्यास त्यांच्यासमवेत गेलो, तेव्हा आतील मूर्तींचे दर्शन घडण्यापूर्वी बाहेरच्या भिंतीतील करडा दगड कुर्ल्याचा बेसॉल्ट आणि पिवळसर दगड मालाडचा ट्रॅकाइट, यावर इतके सविस्तर विवेचन झाले की भिंतीच्या अगदी जवळ तोंड नेणाऱ्या या वृद्ध गृहस्थाच्या प्रकृतीविषयी पहारेकऱ्याने माझ्याकडे खासगीत चौकशी केली.

अण्णांच्या शास्त्राची आणि सौजन्याची खरी कसोटी लागते ती लोक अशनी घेऊन येतात तेव्हा. नागपूरनजीक काटोल येथे २२ मे २०१२ रोजी भरदुपारी आकाशातून दगड पडल्याची वार्ता आली, आणि तेव्हापासून भोईवाड्यातील काळ्या, जड व ओबडधोबड अशा प्रत्येक वस्तूस स्वर्गीय कुलाची आकांक्षा उत्पन्न झाली. बहुतेक अशनींत निकेलमिश्रित लोह असते, म्हणून त्यांस लोहचुंबक चिकटते. परंतु आमच्या काळ्या फत्तरातही मॅग्नेटाइट असल्यामुळे प्रबळ चुंबकापुढे तोही थोडीबहुत चलबिचल दाखवतो, आणि अर्जदाराचा चेहरा उजळतो. मग अण्णा, वातावरणातून येताना वितळून धरलेली पातळ काळी साल आणि ओल्या मातीत अंगठा दाबल्यासारखे खळगे शोधतात, आणि अखेर दाखवतात ते बुडबुडे, जे अशनीत जवळजवळ कधीच नसतात व ओतशाळेतील लोहकिटात हटकून असतात.

एका निवृत्त गिरणी जॉबरने असाच एक गोळा पंच्यात गुंडाळून आणला.

"अण्णा, हा वरून पडलाय."

"पडला खरा वरून, पण राख वाहणाऱ्या खटाऱ्यातून. बॉयलरातला जळका कोळसा आहे हा."

"बरं, मग गिरणी कुठली तेवढं तरी सांगा!"

साडेचार अब्ज वर्षांच्या अशनीचे कुलगोत्र सांगणारे अण्णा येथे निरुत्तर झाले. जॉबरनेच बुडबुड्यांवरून बोट फिरवून कोळसा हलका असल्याचे निदान केले.

जहांगीर बादशहाच्या पदरी अण्णा नव्हते, हे त्या बादशहाचे भाग्य. १६२१ साली जालंधर परगण्यात पडलेले लोखंड त्याने हुजुरात आणवले, ते भरले १६० तोळे. उस्ताद दाऊदच्या घणाखाली ते टिकेना, तेव्हा तीन भाग आकाशीचे व एक भाग ऐहिक लोखंड मिसळून त्याच्या तलवारी घडवण्यात आल्या. तेच लोखंड तज्ज्ञाच्या हाती पडते, तर तलवारींऐवजी अहवाल निर्माण झाला असता. लोणारास तर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पाडणारा अशनी स्वतः सापडतच नाही. आघाताने काचरूप झालेल्या फेल्डस्पारची, म्हणजे मॅस्केलिनाइटची, साक्ष काढून शास्त्रज्ञांनी निकाल दिला. आरोपी फरारी, पंचनामा मात्र पक्का! अण्णांस ही मिसल फार प्रिय. कारण भूशास्त्रज्ञास दुर्मिळाचा मोह असतो ही लोकांची समजूत असली, तरी वस्तुतः त्याला हवा असतो तो केवळ दाखला.

म्हणूनच हिरमुसलेल्या अर्जदारास ते रिक्त हस्ते परत धाडत नाहीत. जॉबर ज्या पायरीवर बसला होता तिच्याकडे बोट दाखवून त्यांनी सांगितले की हा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्या लाव्हाच्या दोन लोंढ्यांच्या मधल्या काळात वरळीला तळी होती, तळ्यांत इवले बेडूक होते, त्यांचे अश्मरूप सांगाडे रेल्वेचे इंजिनियर क्लार्क यांनी विलायतेस कळवले, आणि रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे बारसे केले.

"म्हणजे वरळीचे मूळ रहिवासी बेडूक," जॉबर म्हणाला, "आणि लाव्हा आल्यावर त्यांना पर्यायी जागा?"

"जागा कसली! पण नाव लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात १८४७ सालीच छापून आले."

गिरणी कामगारांच्या घरासाठी कागदपत्रे घेऊन कचेऱ्यांचे उंबरठे झिजवणाऱ्या त्या गृहस्थाने क्षणभर विचार केला आणि अधिकारवाणीने निकाल दिला, "छापील पुरावा आहे ना? मग बेडूक पात्र."