अद्ययावतराव

सुरळीत चाललेली वस्तू बघितली की काही माणसं बेचैन होतात. नळ गळत नसला तरी त्याचा वायसर बदलून ठेवतात. मिक्सर नीट फिरत असला तर 'आतून एकदा बघून घेऊ' म्हणून तो उघडतात, आणि परत बसवल्यावर वर्तमानपत्रावर चार स्क्रू उरले की 'कंपनीवाले उगाच जास्तीचे टाकतात' असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. आमच्या छोट्या प्रकाशनाच्या कचेरीला असाच एक माणूस लाभला आहे. त्यांचं खरं नाव फक्त लाइटबिलावर असतं. आम्ही त्यांना तोंडावर काका म्हणतो आणि पाठीमागे अद्ययावतराव.

काका एका सरकारी खात्यातून निवृत्त झाले. तिथे तीस वर्षं त्यांनी एकच फॉर्म एकाच नमुन्यात भरला. सालाच्या रकान्यात '१९' हे आकडे आधीच छापलेले असत. २००० साल उजाडलं तेव्हा ते खोडून वर '२०' लिहायचा हुकूम निघाला. नवे फॉर्म छापायचा निघाला नाही. त्या तीस वर्षांचा सूड काका आता आमच्या कॉम्प्युटरांवर उगवताहेत, अशी माझी खात्री आहे.

पेठेतल्या दोन खोल्यांत आमचे चार कॉम्प्युटर. त्यांतल्या तिघांवर काकांनी उबुंटू जातीचं लिनक्स घातलं, लायसनचे पैसे वाचतात म्हणून. पैसे वाचण्याचा मुद्दा पेठेत कुणाला पटवून द्यावा लागत नाही. चौथा, मुखपृष्ठं करणाऱ्या पोराचा, विंडोज सेव्हनवर राहिला, कारण त्यानं काकांना तिकडे फिरकूच दिलं नाही. आणि कपाटावर 'डबा'. डबा म्हणजे दोन हार्ड डिस्क पोटात घेऊन बसलेली, २००९ साली घेतलेली पेटी. सगळ्या पुस्तकांच्या फाइली तिच्यात, आणि चौघांनी आपापल्या जागेवरून तारेतून त्या उघडायच्या. आठ वर्षं हा डबा कुणाच्या अध्यातमध्यात न पडता दिवे मिचकावत बसला होता. त्याच्यावर काकांनीच स्केचपेननं लिहून चिठ्ठी चिकटवली होती: 'कृपया हात लावू नये.' असा नियम लिहिणाऱ्याला लागू नसतो, हे पुण्यात वेगळं सांगत नाहीत.

२०१७ च्या दिवाळीत १९ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होतं. हल्ली वह्या उरल्या नाहीत, म्हणून आम्ही कॉम्प्युटरांनाच हळदकुंकू वाहतो. डब्याला झेंडूचा हार घातला होता. लाह्याबत्तासे वाटून झाल्यावर काका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आज उबुंटूचं सतरा-दहा येतंय. नेमकं लक्ष्मीपूजनाला! असा मुहूर्त पुन्हा मिळायचा नाही."

"काका, सगळं चालतंय ना पण?"

"चालतंय म्हणूनच. बंद पडल्यावर अपग्रेड करणं म्हणजे मेल्यावर विमा काढणं."

काकांची वाक्यं ऐकताना बिनतोड वाटतात. घरी पोचल्यावर लक्षात येतं, की इथे आजारीसुद्धा कुणी नव्हतं.

पाडव्याला सकाळी त्यांचा फोन. "अरे, जरा येऊन जा. विशेष काही नाही." काकांचं 'विशेष काही नाही' हे डॉक्टरांच्या 'बरोबर कोण आलंय?' याच्या जातीचं असतं. गेलो. काका कालच्याच सदऱ्यात. अपग्रेड उत्तम पार पडलं होतं. आतला कर्नल ४.१० चा ४.१३ झाला होता. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या वाड्याचा कारभारी. कुणाला किती जागा, विहिरीवर कुणाचा नंबर, बाहेरच्याशी कुणी बोलायचं, सगळं त्याच्या हातात. तर या नव्या कारभाऱ्याला डबा उघडता येईना. तो एकच ओळ पुन्हा पुन्हा दाखवत होता: माउंट एरर ११२, होस्ट इज डाउन.

डबा समोर दिवे मिचकावत होता. पिंग मारला, त्यानं तत्काळ उत्तर दिलं. मुखपृष्ठवाल्या पोराच्या मशीनवरून तर सगळ्या फाइली उघडत होत्या. "काका, होस्ट ठणठणीत आहे की," मी म्हणालो. "तू विंडोजचं काही सांगू नकोस," काका म्हणाले. एवढ्यात काकूंचा फोन आला. पाडव्याचं ओवाळायचं होतं, तबक तयार होतं, नवरा बेपत्ता होता. काकांचे दोन्ही हात डब्याच्या मागे अडकलेले, म्हणून मीच फोन उचलला.

"काय करताहेत हे?"

"काही नाही काकू, होस्ट डाउन आहे असं म्हणतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे... यजमान पडलेत."

पलीकडे तबक खाली ठेवल्याचा आवाज आला. "पडले? कुठे? जिन्यात?"

यजमान उभे आहेत हे पटवून देण्यात दहा मिनिटं गेली. त्यानंतर रीतसर तपास सुरू झाला. पहिला संशयित झेंडू. हारामुळे डब्याची हवा अडली, सबब हार काढण्यात आला. दुसरा संशयित हळदकुंकू. तारेच्या खोबणीत कण गेला असणार, म्हणून जुना टूथब्रश फिरला. मग काकांनी शबनममधून चिमटा काढून तारेची दोन्ही टोकं कापून नवी बसवली. स्विच बंद करून चालू केला. डबा बंद करून चालू केला. पासवर्ड बदलला आणि तासाभरात तो नवा पासवर्ड आठवेना, म्हणून पुन्हा बदलला. फायरवॉल उतरवली. शेवटी फोल्डरला ७७७ परवानगी देऊन टाकली. म्हणजे वाड्याची दारं, खिडक्या, माळा, सगळं सताड उघडं. आता चोरालासुद्धा मज्जाव नव्हता. आम्हाला मात्र होता.

"काका, मशीन सुरू करताना जुना कर्नल निवडता येतो म्हणे. त्याच्यावर उघडतोय का बघू या? निदान दोष कुणाचा ते तरी कळेल."

"मागे जायचं?" काका म्हणाले. "मी?"

यंत्र ऐकेनासं झालं की काका इतिहासाकडे वळतात. यंत्र जितकं हट्टी, तितके ते मागच्या काळात जातात. भाऊबीजेच्या संध्याकाळी ते १९९१ सालात पोचले होते. "कॅनबेराला अँड्र्यू ट्रिजेल नावाचा पोरगा पीएचडी करत होता. त्यानं वेगवेगळ्या जातीच्या कॉम्प्युटरांनी एकमेकांच्या फाइली वापराव्यात म्हणून प्रोग्रॅम लिहिला. पुढे एका कंपनीचं पत्र आलं, प्रोग्रॅमला तू दिलेलं नाव आमचं आहे. यानं काय करावं? कॉम्प्युटरमधल्या शब्दकोशाला विचारलं, एस, एम आणि बी ही अक्षरं याच क्रमानं असलेले शब्द दे. त्यात सांबा निघाला. म्हणून त्याचं नाव सांबा!"

"छान. डबा कधी उघडेल?"

"येतोय तिकडेच. ही एसएमबी म्हणजे फाइली देण्याघेण्याची बोली. तिची पहिली आवृत्ती फार जुनी, भोकं पडलेली. या मे महिन्यात वॉनाक्रायनं जगभरचे कॉम्प्युटर ओलीस धरले ना, तो त्याच भोकातून शिरला. मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच ठिगळ दिलं होतं, लोकांनी लावलं नाही! म्हणून सांगतो, अपग्रेड करत जा."

आता मागे वळून बघताना कळतं, की त्या क्षणी अख्खं उत्तर काकांच्या तोंडून बाहेर पडलं होतं. फक्त ते त्यांच्या कानापर्यंत पोचलं नाही.

रविवारी काकांनी सगळं पुसून नव्यानं बसवायचा बेत जाहीर केला. सोमवारी सकाळी आमच्या प्रूफं तपासणाऱ्या ताई आल्या. ताईंना छापलेलं काहीही न वाचता पुढे जाता येत नाही. भेळ संपली की कागद वाचतात, खोकल्याच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचतात आणि त्यात ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दाखवतात. आल्या आल्या त्यांनी पहिली चूक काढली: खिडकी बंद करायची फुली डावीकडे असायची, ती उजवीकडे कुणी नेली? काकांनी ही प्रगती असल्याचं सांगितलं. मग ताई त्यांच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. पडद्यावर कर्नलची रोजनिशी धावत होती. तो काय पाहतो, काय करतो, कशाला अडतो, ते सगळं हा बिचारा कारभारी ओळीओळीनं लिहून ठेवतो. काका ती रोजनिशी बँकेच्या अटी-शर्तींच्या वेगानं वर सरकवत होते.

"थांबा काका. ती ओळ खाली घ्या. अजून एक. हां."

आणि ताईंनी ती ओळ, स्वल्पविरामांना थांबत, मोठ्यानं वाचली. कर्नलनं स्वच्छ लिहिलं होतं: कुठल्या बोलीत बोलायचं ते तुम्ही सांगितलेलं नाही; आता मी आपण होऊन जुनी, असुरक्षित एसएमबी-वन बोलत नाही, नवी बोलतो; समोरचा सर्व्हर जुना असून त्याला नवी येत नसेल, तर जोडताना 'व्हर्स=१.०' असं लिहा.

खोलीत शांतता पसरली. डबा तेवढा दिवे मिचकावत होता.

म्हणजे प्रकार एवढाच होता. २००९ च्या डब्याला पहिलीच बोली येत होती. नवा कारभारी त्याच्या दारात उभा राहून नव्या बोलीत हाका मारत होता आणि आतून ओ येईना, तेव्हा यजमान पडले असं समजून परत फिरत होता. हाक ऐकूनही ओ न देणारे यजमान असतात, हे त्याला पेठेत नवीन असल्यामुळे ठाऊक नसावं.

काकांनी ती आज्ञा लिहिली. डबा उघडला. मी हिशेब केला: टिंब आणि बरोबरचं चिन्ह धरून लिहायच्या होत्या आठ खुणा, आणि पाडव्यापासून गेले चार दिवस. दिवसाला दोन अक्षरं. आमच्या एकदोन लेखकांपेक्षा हा वेग बराच चांगला आहे, म्हणून मी काही बोललो नाही.

"ते मी वाचणारच होतो," काका म्हणाले. "क्रमानं चाललो होतो."

मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि शांतपणे म्हणाले, "पण ही तात्पुरती कुबडी आहे. भोक कायम आहे. खरं म्हणजे हा डबाच बदलायला हवा."

"कशाला काका? चालतोय ना?" मी म्हणालो.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. खोडलेल्या एकोणीसचा फॉर्म पुढे सरकवणाऱ्या साहेबाकडे ते असंच पाहत असणार. त्या एका गोष्टीत ते बरोबर होते आणि मी चूक, हे मला तेव्हाच कळलं होतं. डब्याची किंमतही मला त्याच वेळी आठवली.

जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर ही प्रकरणं उघडकीला आली. प्रोसेसरच्याच आत सापडलेल्या या खोटांमुळे जगभर सगळ्यांना कर्नल बदलणं भाग पडलं. काकांसाठी ती दुसरी दिवाळी. सकाळी खाली त्यांची स्कूटर थांबल्याचा आवाज आला, पाठोपाठ जिन्यात शीळ. कचेरीत कुणी कुणाशी बोललं नाही. मुखपृष्ठवाल्या पोरानं आपली खोली आतून लावून घेतली. मी खणातून पेनड्राइव्ह काढला आणि छपाईला जायची दोन पुस्तकं त्यावर उतरवून घ्यायला लागलो.

ताई लाल पेन घेऊन स्टुलावर चढल्या. डब्यावरच्या चिठ्ठीत त्यांनी 'कृपया' या शब्दापुढे एक सुबक काकपद दिलं आणि गाळलेला शब्द वर भरला. खाली उतरून त्यांनी चष्म्यातून पुन्हा एकदा तपासलं: 'कृपया वाचल्याशिवाय हात लावू नये.'