चावीवाले काका

नोव्हेंबरात ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधली मराठी घरं फराळाचे डबे घासून फडताळात ठेवतात, तेव्हा आमचे शेजारी काका घराच्या विम्याची पॉलिसी बाहेर काढतात. काका मूळचे सोलापूरचे. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणार आणि त्याआधीच घागरी रांगेत उभ्या राहणार, अशा गावात वाढलेल्या माणसाला टेक्सासने शिक्षाही नेमकी दिली: कडक थंडीच्या रात्री नळ मुद्दाम टपकत ठेवायचा!

वाहतं पाणी सहजासहजी गोठत नाही, हे शास्त्र काकांना कळतं. पण हात धजत नाही. पारा ३२ फॅरनहाइटकडे सरकू लागला की प्रत्येक नळाखाली पातेलं, पातेल्याशेजारी पुढचं पातेलं, आणि मध्ये मफलर गुंडाळून रात्रभर गस्त घालणारे काका. दोन दिवस काकू त्याच पाण्यात डाळ शिजवतात, त्याच पाण्याने फरशी पुसतात, आणि काकांशी बोलत नाहीत.

हे सगळं २०२१ पासूनचं. १५ फेब्रुवारीला, ऐन माघी गणेश जयंतीच्या पहाटे, हिवाळी वादळात राज्यभर वीज तोडायला सुरुवात झाली. दुसऱ्या दिवशी वसंतपंचमी, आणि ह्यूस्टनच्या विमानतळावर १३ फॅरनहाइट. म्हणजे सेल्सियसमध्ये शून्याखाली साधारण साडेदहा. काका तीन सोलापुरी चादरी पांघरून वसंताचं स्वागत करत बसले होते. इथली घरं उन्हाळ्याच्या हिशेबाने बांधलेली, पाण्याचे पाइप खुशाल माळ्यावरून फिरवलेले. पाणी गोठताना नऊएक टक्के फुगतं, ही शाळेतली ओळ माळ्यावरच्या पाइपाने प्रात्यक्षिकासह शिकवली. बर्फ वितळला आणि हॉलचं छत आतल्या कापसासकट सोफ्यावर बसलं. "उभ्या जन्मात पहिल्यांदा न मागता पाणी आलं की रे," काका म्हणाले, "आणि तेही बिनघागरीचं!"

प्लंबर मिळेना, अख्खं टेक्सास त्याच्याच मागे. पाणी बंद करायचा मुख्य कॉक अंगणातल्या मीटरच्या खड्ड्यात असतो, हे काकांना छत पडल्यावर कळलं. आता त्यांच्याकडे तो फिरवायची टी आकाराची लांब लोखंडी चावी आहे. सोलापुरात गल्लीला पाणी सोडणारा चावीवाला अशीच चावी खांद्यावर टाकून यायचा आणि बायका त्याला आधी चहा द्यायच्या. काकाही ती खांद्यावर टाकूनच गल्लीत फिरतात. चहा आम्ही देतो.

विम्यावर मात्र त्यांचं प्रवचन असतं. "हे लोक पाण्याचं गोत्र विचारतात! नळ एकदम फुटला तर भरपाई, महिनोन् महिने झिरपला तर नाही. बाहेरून घरात शिरलं तर ते पुराचं पाणी, त्याचा विमा वेगळा. तो घेतला तरी लागू व्हायला साधारण ३० दिवस. म्हणजे पुराने महिनाभर आधी कळवायचं!" नुकसानीतला आपल्या पदरचा वाटा किती, हे ते पाढ्यासारखं पाठ म्हणतात. शिवाय घरातल्या प्रत्येक वस्तूचा व्हिडिओ, काकांच्या मराठी समालोचनासह: "हा कुकर. शिट्टी मूळची नाही." पाहणीला येणारा अमेरिकन माणूस या शिट्टीचं काय करणार, देव जाणे.

त्याच पॉलिसीतलं एक कलम काकांची झोप उडवतं. घर रिकामं ठेवून गावाला गेलात, तर हीटर चालू ठेवायचा, नाहीतर पाणी बंद करून पाइप रिकामे करायचे. ही काळजी घेतली नाही तर गोठून झालेलं नुकसान तुमचं तुम्ही बघा. आणि काकांना जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला जायचंच असतं. २०२५ ला पाइप रिकामे करू म्हटलं, तर "भरलेलं पाणी ओतून द्यायचं?" म्हणून नकार. शेवटी हीटर ५५ फॅरनहाइटवर आणि किल्ल्या माझ्याकडे.

२० जानेवारी २०२५ ची रात्र. उद्या बर्फ पडणार म्हणून शाळा बंद. साडेदहाला फोन वाजला. सोलापुरात सकाळचे दहा.

"घरात आहेस ना? स्वयंपाकघरातला नळ सोड."

"सोडला, काका."

"गरमचा पण?"

"दोन्ही."

"किती?"

"थेंब थेंब."

"खाली पातेलं?"

"ठेवलंय."

"ऐकव."

मी फोन नळाजवळ धरला. टप्. टप्. पलीकडून उसासा आला, मग एकदम भांड्यांचा खणखणाट आणि काकूंची हाक.

"ठेव ठेव फोन, पाणी आलं!"