बायचं नाव काय?

माझ्या भाच्याने विलायतेत लग्न केलं. गेल्या पावसाळ्यात त्याचा फोन आला, "मामा, हिची खापरपणजी सापडली!"

"हरवली होती का?" मी विचारलं.

ती बाई कुणी राणी-महाराणी नव्हे, लोकांचे कपडे धुणारी. पण इंग्लंडात 1837 पासून जन्म, लग्न, मृत्यू सरकारदरबारी नोंदले जातात. 1851 च्या शिरगणतीत तर घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, धंदा, जन्मगाव, सगळं. भाचेसुनेने एका रविवारात बाईचा पुरा संसार मांडला. लग्नाच्या नोंदीत सहीच्या जागी फुली. दर शिरगणतीला बाईचं वय दहाऐवजी सातच वर्षांनी वाढत होतं, तेव्हा मात्र ती मला आपल्यातलीच वाटली.

"आता आपली पणजी शोधा," असं फर्मान सुटलं.

डहाणूत आम्हाला सगळे ओळखतात, तेव्हा आठवड्याचं काम, असं मी धरून चाललो. आत्याला विचारलं, "बायचं नाव काय?"

"बाय."

"अगं, खरं नाव?"

"ते कोण घेणार? आजोबा 'ऐकलंस का' म्हणायचे."

आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहितात, म्हणजे बाईला नावं दोन. आमच्या पणजीची दोन्ही गहाळ. पणजोबांचं पक्कं ठाऊक, कारण ते तिने उखाण्यात घेतलं असणार. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे 28 लाख बायकांची नावं मतदारयादीतून गळली, बहुतेक उत्तरेतल्या. त्यांनी 'अमक्याची आई, तमक्याची बायको' एवढंच सांगितलं होतं. बाय तेव्हा असती तर 28 लाख एक झाल्या असत्या.

माहेर तलासरीच्या पलीकडचं, एवढं आत्याला आठवत होतं. बायच्या लहानपणी तो मुलूख डहाणू तालुक्याच्या उंबरगाव पेट्यात. 1960 साली उंबरगावकडची गावं गुजरातेत गेली, इकडे उरलेल्यांची तलासरी झाली. जागची न हलता पणजी परराज्यातली! एका कचेरीत मी कोतवाल बुकाची चौकशी केली.

"नाव?" कारकुनाने विचारलं.

"तेच शोधतोय."

"मग बापाचं?"

"ते तिच्या नावावरून कळेल."

तो चष्म्यावरून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "सातबारा असेल तर आणा." सातबारा आहे. त्यावर आमच्या वाडीतली चिकूची झाडं मोजून लिहिलेली आहेत. पणजी नाही.

नाशिकला उपाध्यांच्या वहीत पणजोबा सापडले, मोडीत, झोकात. नावापुढे एकच शब्द: 'सकुटुंब'. त्या कुटुंबालाच तर मी शोधत होतो.

शेवटी आत्याने माळ्यावरचं पितळी तपेलं काढायला लावलं. बायच्या लग्नातलं. चिंच लावून घासलं, तशी काठाखालची ठोक्याठोक्यांची अक्षरं वर आली. 'चि. सौ. कां.' माझा हात थरथरला. पुढे बोट फिरवलं, तर गुळगुळीत. घासताना जोर नेमका तिथे येतो. पन्नास-साठ वर्षं रोज राखेने घासून बायने स्वतःचं नाव स्वतःच पुसलं होतं.

त्याच्या पुढचं 'मामाकडून' मात्र अजून स्पष्ट वाचता येतं.