छतावरची शोभेची चक्की

वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला, की शक्ती एक अष्टमांश उरते. शहरातला वारा इमारतींवर आपटून मंद आणि सैरभैर होतो. त्यामुळे शहरी छतावरच्या छोट्या पवनचक्कीचे मुख्य उत्पादन प्रतिष्ठा हे असते, वीज हे जोडउत्पादन.

लंडनमधील ‘स्ट्राटा’ ही २०१० साली पूर्ण झालेली निवासी इमारत याचा उंच नमुना. माथ्यावरच्या प्रत्येकी १९ किलोवॅटच्या तीन पवनचक्क्या इमारतीची ८ टक्के वीजगरज भागवतील, असे सांगण्यात आले होते. पाती बहुतेक वेळ स्थिर राहिली. मात्र छायाचित्रात हा फरक दिसत नाही, ही मोठीच सोय. कुरूप वास्तूला मिळणारा ‘कार्बंकल कप’ तेवढा त्याच वर्षी पदरात पडला.

वाऱ्याअभावी थांबलेल्या चक्कीचा इन्व्हर्टर घरचीच वीज खातो. मग ती पंखाच ठरते, फक्त वारा न देणारा.

हेच यंत्र उघड्या माळावर, झाडा-घरांच्या वर उंच मनोऱ्यावर बसवले, तर वीजवाहिनी न पोहोचलेल्या वस्तीत निमूटपणे बॅटऱ्या भरते. तिथे छायाचित्रकार फिरकत नाहीत, एवढाच त्या जागेचा दोष.