पासवर्ड आहे, भिंतीवर आहे

दाराला लॅच, ग्रिलला दोन कुलपं, वर कॅमेरा. आणि त्या कॅमेऱ्याचं चित्र ज्या राउटरमधून जातं, त्याचा अॅडमिन पासवर्ड ‘अॅडमिन’! बसवणारा पोरगा म्हणाला होता, “काका, नंतर बदलून घ्या.” हे ‘नंतर’ राउटर भंगारात गेला तरी येत नाही. वायफायचा पासवर्ड मात्र विचारपूर्वक ठेवलेला असतो: स्वतःचा मोबाइल नंबर. तोच दुकानाच्या पाटीवर, ठळक अक्षरांत.

२६ जुलै २००८ला अहमदाबादच्या स्फोटांआधी अतिरेक्यांची ईमेल गेली, ती सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या उघड्या वायफायवरून. गृहस्थाच्या दारात एटीएस. अशाच ईमेलसाठी ऑगस्टमध्ये माटुंग्याचं एक कॉलेज, सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी चेंबूरची एक छोटी कंपनी. अतिथी देवो भव म्हणतात ते मुंबईइतकं मनावर घेतलेलं दुसरं शहर नसेल. पुढे पोलिसच उघडी नेटवर्कं शोधत रस्त्यांवर फिरले.

बरं, पासवर्डऐवजी राउटरला जोडून देणाऱ्या आठ आकडी डब्ल्यूपीएस पिनवर विसंबावं, तर अनेक राउटर तो दोन तुकड्यांत तपासतात. दहा कोटींऐवजी अकरा हजार प्रयत्न पुरतात. हे २०११मध्येच उघड झालं.

दुकानात बिलिंगचा संगणक, कार्डाचं मशीन आणि चहा पीत रील पाहणारं गिऱ्हाईक एकाच नेटवर्कवर गुण्यागोविंदाने नांदतात. राउटरमध्ये वेगळं ‘गेस्ट’ नेटवर्क असतं, असं सांगितलं की शेठ म्हणतात, “दिवाळीत पाहुणे येतील तेव्हा चालू करू.”