टॉवर घेतलास, आता फेरफार कर

चि. भाच्यास,


तू मोटेल घेतलंस तेव्हा आम्ही इकडे पेढे वाटले. आता कॅन्ससमधलं एक डबघाईला आलेलं ए.एम. रेडिओ स्टेशन घेतलंस आणि व्हॉट्सॲपवर लिहिलंस, 'मामा, सोबत ३०० फुटी टॉवर जवळजवळ फुकटात मिळाला!' या खेपेला पेढे आणलेले नाहीत. तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून मी आयुष्य काढलं. फुकटात मिळालेल्या मालमत्तेच्या 'इतर हक्क' रकान्यात काय काय दडलेलं असतं, ते मला विचार.

फोटो पाहिला. टॉवरच्या बुडाशी नारळ फोडलायस, कुंपणाच्या फाटकाला हार घातलायस. छान. पण टॉवरचा खालून तिसरा पट्टा गुलाबी का दिसतोय? ७०० फुटांपर्यंतच्या टॉवरला सारख्या उंचीचे सात पट्टे, एक नारंगी एक पांढरा, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा नारंगी, असा तुमच्या विमान वाहतूक खात्याचा दंडक आहे. म्हणजे तिसरा नारंगीच हवा. उन्हानं रंग उडाला म्हणशील. तर किती उडाला म्हणजे उडाला, यावर हुज्जत नको म्हणून त्या नारंगीच्या छटांचा तक्ताच ठरलेला आहे. तक्त्याशी छटा जुळली नाही की रंगारी बोलवायचा. आमच्या बांधकाम खात्याला हा तक्ता सुचला नाही ते बरंच झालं, नाहीतर निम्मा जिल्हा रंगवायला काढावा लागला असता. (दिवसाही पांढरे झगझगते दिवे लावणाऱ्यांना रंगातून सूट मिळते. तुझ्या टॉवरला ते नाहीत. फोटो मोठा करून पाहिला.)

तुमचं फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, आपल्या भाषेत आयोग, म्हणजे १९३४ पासूनचं जुनं दफ्तर. त्याच्या नियमावलीचा सतरावा भाग निव्वळ टॉवरांची नोंदणी, रंग आणि दिवे यांना वाहिलेला आहे. २०० फुटांहून उंच टॉवर, किंवा विमानतळाच्या आसपास असेल तर ठेंगणासुद्धा, या दफ्तरी नोंदलेला हवा. आता २०० च्या वर म्हटल्याबरोबर तिकडच्या धंदेवाल्यांनी काय केलं असेल? १९९ फुटांचे टॉवर उभे केले! बाटाच्या चपलेची किंमत असते तशी ही उंची. एक फूट कापला की दिवा वाचला, रंग वाचला, रोजची राखण वाचली. पण पिकावर फवारणी करणारं विमान शेतावरून जेमतेम पिकाच्या शेंड्यांना न लागता उडतं. त्याला १९९ काय आणि २०१ काय. शेवटी २०१६ साली तुमच्या संसदेला ५० ते २०० फुटांच्या, गावाबाहेरच्या टॉवरांसाठी निराळं कलम घालावं लागलं. एक फूट कापणाऱ्यांची तेवढीच पंचाईत.

तुझा तर पुरता ३०० फुटी. तुला पळवाट नाही.

तेव्हा रोज, म्हणजे दर २४ तासांत एकदा, दिवे लागलेत की नाहीत ते पाहायचं. मान वर करून स्वतः पाहा, नाहीतर दिवा गेला की बोंब मारणारं यंत्र बसव. माथ्यावरचा दिवा किंवा कुठलाही लुकलुकणारा दिवा गेला आणि ३० मिनिटांत सुधारला नाही, तर लागलीच विमान खात्याला फोन. ते वैमानिकांसाठी सूचना काढतात, 'नोटॅम' म्हणतात तिला. अमुक ठिकाणी टॉवर अंधारात उभा आहे, सांभाळून जा. या सूचनेची मुदत १५ दिवस. सोळाव्या दिवशी टॉवर अंधारातच असला आणि तू मुदतवाढ मागितली नसलीस, तर कागदोपत्री तो उजळलेला असतो. कागदोपत्री उजळलेल्या बऱ्याच गोष्टी मी नोकरीत पाहिल्या, पण त्यांच्यावर विमान आपटायचा प्रश्न नव्हता.

एक वही घाल. बिघाड कोणता, केव्हा ध्यानात आला, फोन केव्हा केला, दुरुस्ती कोणती आणि केव्हा, सगळं तिच्यात आलं पाहिजे. दोन वर्षं जपायची. 'सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे मामा' हे मला सांगू नकोस. साहेब तपासणीला येतो तेव्हाच कॉम्प्युटर बसतो, हे अमेरिकेतही होत असणार.

बल्ब बदलायला लागतोच किती वेळ, असं तुझी आई म्हणाली. तिला समजावून सांग. ए.एम.चा टॉवर हा अँटेना धरून ठेवणारा खांब नसतो, तो अख्खा टॉवरच अँटेना असतो. चिनी मातीच्या बैठकीवर उभा, आणि प्रक्षेपण चालू असताना अंगभर वीज. अशा टॉवरवर दिव्याची वीज चढवायची कशी? बुडाशी नीट बघ, दोन मोठाली कडी एकमेकींत गुंतवलेली, पण कुठंही एकमेकींना न शिवणारी, अशी दिसतील. तो ऑस्टिन ट्रान्सफॉर्मर. मधल्या हवेच्या फटीतून दिव्याची वीज वर जाते आणि रेडिओची वीज खाली उतरत नाही. बघायला सुंदर यंत्र आहे, पण जवळून बघू नकोस. नारळ त्याच्या आसपास फोडला नसशील अशी आशा आहे. माणूस वर चढवायचा तर आधी प्रक्षेपण बंद, म्हणजे जाहिराती बंद, म्हणजे उत्पन्न बंद. त्यातून चढणारा बोलवायचा, त्याची मजुरी, त्याचा विमा. साउथ डकोटातल्या सेलमजवळच्या १,५०० फुटी टॉवरवर बल्ब बदलायला गेलेल्या माणसाचा ड्रोननं काढलेला व्हिडिओ आम्ही दोघांनी पाहिला. तेव्हापासून मामी मला पंखा पुसायला स्टुलावर चढवत नाही.

म्हणूनच मालक मंडळी 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणतात. आणि तिथंच दंड लागतो.

दंडाचा दर गुपित नाही, १९९७ पासून छापील आहे. दिवे किंवा रंग नियमाप्रमाणे नसतील तर मूळ आकार १०,००० डॉलर. भरायचा फॉर्म भरला नाही तर ३,०००. प्रकरण पाहून वाढतो, क्वचित कमीही होतो. आधी नोटीस येते की तुम्ही दंडास पात्र दिसता. ३० दिवसांत भरा, नाहीतर म्हणणं मांडा. ही म्हणणी मी चवीनं वाचली. कचेरीच्या खिडकीवर ऐकलेली सगळी त्यात भेटली. 'साहेब, तपासणी झाल्यावर दुसऱ्याच दिवशी बल्ब बसवला.' आयोगाचं ठरलेलं उत्तर, तो तर बसवायलाच हवा होता, त्याची सूट नाही. 'देखरेखीचं कंत्राट दिलं होतं.' कंत्राटदाराची चूक ती तुमचीच चूक. 'नियम मोडायचा हेतू नव्हता.' हेतू कुणी विचारलाच नव्हता. तपासणीआधीच दुरुस्तीला हात घातला होता असं दाखवता आलं, तर थोडी सूट मिळते. राहिलं 'पैसे नाहीत'. ते ऐकून घेतात, पण शेवटच्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं जोडायला सांगतात. मोटेलच्या विवरणपत्रात तोटा दाखवला असशील तर तो इथं कामी येईल. फक्त हे स्टेशन घ्यायला बँकेला जो नफा दाखवलास, तो कागद त्याच फायलीत लावू नकोस.

दिवे लावले की सुटलास असंही नाही. सतत जळणाऱ्या लाल दिव्याकडे ढगाळ रात्री स्थलांतर करणारे पक्षी ओढले जातात, टॉवरभोवती घिरट्या घालतात आणि तारांवर आदळून मरतात. अमेरिका आणि कॅनडात मिळून वर्षाला अंदाजे ६८ लाख, असा पक्षी-अभ्यासकांचा हिशेब आहे. म्हणून २०१५ पासून नव्या उंच टॉवरांना सतत जळणाऱ्याऐवजी लुकलुकणारे दिवे लावायचं धोरण आलं. पक्ष्यांना नोटॅम काढता येत नाही.

आता माझ्या खात्याचा विषय. दिव्याचं तू बघशील, कारण दिवा दिसतो. विसरशील ते नोंदणीचं. टॉवरची मालकी बदलली की पाच दिवसांत आयोगाला कळवायचं. पाच! आपल्याकडे वारशानं जमीन आली की तलाठी भाऊसाहेबांना वर्दी द्यायला तीन महिने, मग नोटिसा, मग हरकतींसाठी १५ दिवस, मग मंडळ अधिकाऱ्यांची सही. एवढ्यात तिकडे टॉवर दोनदा विकला गेला असेल. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो. पुन्हा वाचलं तेव्हा त्या नियम लिहिणाऱ्या कारकुनाला मनातल्या मनात नमस्कार केला. बघ ना, रात्री दोन वाजता एखाद्या शेतकऱ्याला किंवा शेरीफला टॉवर अंधारात दिसला. तो फाटकाशी जातो. फाटकावर सात आकडी नोंदणी क्रमांक लावलेला असला पाहिजे, सहज वाचता येईल असा. क्रमांकावरून मालक सापडतो, मालकाला फोन जातो. आणि मालक कोण निघतो? ज्यानं तुला हे सगळं जवळजवळ फुकटात विकलं तो. तो फ्लोरिडात समुद्रावर झोपलाय. तो सांगणार, माझा त्या टॉवरशी संबंध संपला. खरंच संपलाय. तुझा सुरू झाल्याचं मात्र कुठल्या दफ्तरात नाही. म्हणजे ३०० फूट लोखंड उभं आहे, कॅन्ससच्या सपाटीवर मैलोगणती दिसतं आहे, आणि मालक कुणी नाही.

जाता जाता: तुझ्या फोटोत हार नेमका त्या क्रमांकाच्या पाटीवर आलाय. काढ तो.

हा घोळ जुनाच. पूर्वी टॉवरवर ज्याची ज्याची अँटेना, तो तो परवानेदार दिव्याला जबाबदार धरला जाई. एकाच टॉवरवर पाच भाडेकरू असले की सहावा बल्ब कुणी बदलायचा? जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवी. १९९६ पासून नोंदणी मालकाच्या नावावर लागली आणि दिव्याची जबाबदारी मुळात मालकाची झाली. तरी मालकाचं दिवाळं वाजलं, तो टॉवर टाकून पळाला किंवा ढिम्म बसला, तर दिवे चालू ठेवायची खटपट भाडेकरूंनी करायची, असं कलम आहेच. मालक पळाला तर भाडेकरूनं घराला रंग द्यायचा, हे ऐकून आमच्या वाड्यातले भाडेकरू दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मोठ्यांना हे माहीत असेल असं समजू नकोस. २०२० साली स्क्रिप्स या टीव्ही स्टेशनं चालवणाऱ्या कंपनीनं आयोगाशी तडजोड केली आणि ११ लाख ३० हजार डॉलर भरायचं कबूल केलं. चौकशी सुरू झाली ती ऑगस्ट २०१८ मध्ये लुइझियानातल्या कॅप्लनजवळ एक लहान विमान टॉवरला धडकल्यावरून. त्या चौकशीतून पुढं निघालेल्या गोष्टी बघ: टॉवरांच्या दिव्यांची रोजची पाहणी झालेली नाही, बिघाडांच्या नोंदी पुऱ्या नाहीत, आणि विकत घेतलेल्या दोन टॉवरांची मालकी वेळेत कळवलेली नाही. म्हणजे मान वर केली नाही, वही लिहिली नाही, फेरफार केला नाही. या तिन्ही कामांना मिळून एक कारकून पुरला असता. त्याचा पगार वाचवून कंपनीनं किती मिळवलं, ते तूच ताळेबंदात मांड. वर तडजोडीत असंही असतं की नियमपालनासाठी अधिकारी नेमा, पुस्तिका छापा, माणसांना शिकवा, अहवाल पाठवा. म्हणजे शेवटी कारकून नेमावा लागलाच, फक्त आता त्याच्या खुर्चीला अधिकारी म्हणायचं. तेव्हा आयोगाच्या अध्यक्षस्थानी अजित पै होते. आडनाव कोकणपट्टीतलं वाटलं म्हणून ओळख निघेल असं तुझ्या बापाला वाटलं होतं. ते २०२१ च्या जानेवारीत पायउतार झाले, आता तो नाद सोडा.

तेव्हा ही चिठ्ठी मिळाल्या मिळाल्या आधी मालकीची नोंद कर, मग बोंब मारणारं यंत्र बसव, मग रंगाऱ्याला विचार. पूजा, उद्घाटन, मंडळातल्या लोकांना जेवण, हे सगळं नंतर. खर्च किती होईल ते मला कळवू नकोस, मामीला कळेल.

तुझा,
मामा

ता. क. — टॉवर मोडीत काढला तरी पाच दिवसांत कळवायचं आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण फेब्रुवारी २०२४ मध्ये अलाबामातल्या जॅस्परच्या एका ए.एम. स्टेशननं आपला २०० फुटी टॉवर कुणीतरी कापून चोरून नेल्याचं जाहीर केलं. निदान एफ.एम.वर तरी चालू राहू द्या, अशी त्यांनी विनंती केली. आयोग म्हणालं, ए.एम. बंद तर तेही बंद. आता नोंदणी असलेला टॉवर असा गेला, तर पाच दिवसांत मोडतोडीचा फॉर्म मालकानं भरायचा की चोरानं, हे मी सतराव्या भागात दोनदा शोधलं. मला वाटतं, नव्यानं ताबा ज्याच्याकडे गेला त्यानंच भरायला हवा. पण तू आपला फाटकाला चांगलं कुलूप लाव.