चिलटांचं हळदीकुंकू

एडिसन, न्यू जर्सी
२३ जानेवारी

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. चिलटंही.

आई, फोनवर तुम्ही म्हणालात, "बर्फात कसली गं चिलटं?" बाहेर नाहीतच, सगळी घरात आहेत. थंडी पडायच्या आत मिरची, टोमॅटो आणि कढीपत्त्याच्या कुंड्या आत घेतल्या, खिडकीत मेथी पेरली. वर हीटरची ऊब. मेथी येते अधूनमधून, चिलटं मात्र रोज. चहात पडतात, नाकात जातात. परवा मीटिंग चालू असताना तुमच्या चिरंजीवांनी स्वतःच्याच गालावर चापट मारून घेतली. पलीकडच्या साहेबाला वाटलं, पश्चात्ताप झाला.

ही केळ्यांवर घोंघावतात ती नव्हेत. ही मातीतली. मादी ओल्या मातीत शंभर-दोनशे अंडी घालते आणि अळ्या वरच्या बोटभर मातीत राहून बुरशी आणि कोवळी मुळं खातात. उडणारं चिलट जेमतेम आठवडाभर जगतं. तेव्हा टाळ्या वाजवून एखादं मारलंच, तरी खालची फौज शाबूत.

गोम आहे पाण्यात. मुंबईच्या पाण्याचा केवढा तरी वाटा भांडुप संकुलात शुद्ध होतो, आणि तिथल्याच टेंभीपाड्याच्या चढावर वाढलेल्या माणसाला नळ आला की भरून घ्यायचं एवढंच ठाऊक. इथे नळ चोवीस तास. ह्यांचा हात शिवशिवतो. "वरची माती कोरडी दिसतेय गं!" अहो, तेच तर औषध! वरची माती वाळली की अळ्या मरतात. पाणी खालच्या ताटलीत द्यायचं आणि अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाकायचं. तर ताटलीत पाणी म्हटल्यावर हे दचकले. लहानपणी पालिकेचा माणूस डेंग्यूचे डास शोधत पिंपं नि कुंड्यांखालच्या ताटल्या तपासायचा, ती धास्ती अजून आहे.

आई, तुम्ही सांगितलेली कडुलिंब-कापराची धुरीही केली. चिलटं हलली नाहीत. स्मोक अलार्म मात्र असा कोकलला की शेजारीण गाऊनवर कोट चढवून अंगणात. अळ्या मातीत बसलेल्या, त्यांना कसला धूर!

बटाट्याची युक्ती चालली. कच्च्या बटाट्याची चकती मातीवर ठेवली, दोन-तीन दिवसांनी उलटली, तर खाली काचेसारख्या पांढुरक्या अळ्या, सुईच्या टोकाएवढं काळं डोकं. कढीपत्त्यात सगळ्यांत जास्त. आता बीटीआय आणलंय. १९७६ साली इस्रायलच्या नेगेव वाळवंटात सापडलेला हा जिवाणू. आपल्याकडेही डासांच्या अळ्यांवर वापरतात. त्याचे दाणे पाण्यात भिजवायचे आणि ते पाणी कुंडीत घालायचं. अळीच्या पोटात गेलं की ती आटोपली, माणसांना काही होत नाही. चिरंजीव इतके खूश की विचारू नका. पाणी घालायची अधिकृत परवानगी मिळाली ना!

उडणाऱ्यांसाठी कुंड्यांमध्ये पिवळी चिकट कार्डं खोचलीत. रविवारी माझ्याकडे हळदीकुंकू होतं. खिडकीपाशी बसलेली नवी सून उठली, तर काळ्या चंद्रकळेच्या पाठीवर पिवळं कार्ड, त्यावर चिलटांची दाट नक्षी. एका मावशींनी चष्मा वर करून विचारलं, "पॅचवर्क कुठून गं करून घेतलंस?" कार्ड निघालं, साडीवर चिकटा राहिला, पण मग निम्म्या बायकांनी कबूल केलं की त्यांच्याकडेही हेच हाल. मी उरलेली कार्डं वाण म्हणून वाटून टाकली. प्लास्टिकच्या डब्यांपेक्षा बरं.

बाबा, मे महिन्यात याल तेव्हा सकाळी उठून तांब्या शोधू नका. वरच्या कपाटात कुलपात ठेवलाय.

तुमची सून

ता. क. आई, उरलेल्या बटाट्यांच्या काचऱ्या केल्या. कढीपत्ता दुकानातून आणला.